पिंपल्सवरची ‘स्ट्राँग’ गोळी: कशाची भीती धरायची, कशाची सोडायची

ठाण्यात नौपाड्यात असो की वाशीत सेक्टर १७ ला, स्किनच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘आयसोट्रेटिनोइन’ लिहिलं की घरी गेल्यावर ठरलेलेच प्रश्न सुरू होतात. लिव्हर खराब होतं म्हणे? पुढे मूल व्हायला त्रास होतो का? गोळी उष्ण पडेल का? शेजारच्या काकू सांगतात, त्यांच्या भाचीने घेतली आणि केस गळले. अशा भीतीपायी कित्येक मुलंमुली हे औषध टाळतात आणि गालावर कायमचे खड्डे घेऊन बसतात. दुसऱ्या टोकाला, हीच कॅप्सूल मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून, रक्ततपासणी न करता घेणारेही आहेत. या औषधाबद्दल आपल्याकडे भीती भरपूर आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. खरी सावधगिरी जिथे हवी तिथे लोक बेफिकीर असतात, आणि जे ओठाला व्हॅसलीन लावून निभतं त्याला घाबरतात.

आयसोट्रेटिनोइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांचा अनुभव जमा आहे. मुरुमांमागे चार गोष्टी असतात: तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमछिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत जंतू वाढतात आणि त्यातून सूज येते. बाकीची औषधं यातल्या एकदोन गोष्टींवर काम करतात, हे एकटं चारही गोष्टींवर करतं. तेलग्रंथी आक्रसतात हा त्यातला मोठा भाग. म्हणूनच कोर्स संपल्यावरही बऱ्याच जणांचा चेहरा स्वच्छ राहतो, तर अँटिबायोटिक बंद केल्यावर अनेकदा पुन्हा पुरळ उठतं.

पण ते कुणाला द्यायचं? त्वचेखाली दुखणाऱ्या गाठी, पिकणारे मोठे फोड, पाठ-छातीवर पसरलेले मुरुम, डाग सोडून खड्डे पडू लागलेली त्वचा, किंवा अँटिबायोटिक आणि मलमांचा नीट केलेला कोर्स फसला असेल तर. खड्डे पडायला लागले असतील तर ‘आधी सौम्य, मग बघू’ असं म्हणत वर्ष घालवणं मला पटत नाही. मुरुम जातात, खड्डा राहतो. त्याच्यावरचे लेझर आणि मायक्रोनीडलिंगचे (बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचे) सेशन गोळीपेक्षा कितीतरी महाग असतात आणि त्वचा पूर्ववत होतच नाही.

उलट, नुसते काळे डाग राहिले असतील तर ही गोळी नको. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरुम बसल्यावर मागे राहिलेला डाग महिनोनमहिने टिकतो, आणि पुष्कळ लोक त्या डागांनाच मुरुम समजून औषध वाढवून मागतात. त्याला सनस्क्रीन, ॲझेलिक ॲसिड आणि वेळ लागतो.

आणखी दोन नकली मुरुम आपल्या भागात सारखे दिसतात. पहिला बुरशीचा. जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि त्यानंतरचा ऑक्टोबरचा उकाडा, त्यात घामाने भिजलेला टीशर्ट अंगावर ठेवून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी येणं. कपाळावर केसांच्या रेषेलगत, छातीवर, पाठीवर सगळ्या एकाच मापाच्या बारीक पुटकुळ्या येतात आणि खाज सुटते. साध्या मुरुमांना खाज फारशी नसते, आणि त्यात काळी तोंडं, लाल फोड, गाठी असा सगळा मिसळलेला प्रकार असतो. बुरशीच्या पुरळाला डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक दिलं तर ते वाढतं. त्याला आधी बुरशीविरोधी औषध हवं.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमाचा. गोरं होण्यासाठी म्हणून केमिस्टकडून आणलेली ट्यूब, ज्यात बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो. मग तो लाल होतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतं, आणि मलम थांबवलं की भडका उडतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’ मध्ये, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या यादीत, घातली, तरी ती काउंटरवर मिळतातच. डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक ट्यूब सोबत न्या. नाव आठवत नाही म्हणून न सांगितलेल्या ट्यूबमुळे निदान चुकतं.

गोळीपर्यंत येण्याआधी नेहमीचा मार्ग प्रामाणिकपणे केलेला असावा. रात्री ॲडापलीन हे मलम ०.१ टक्का, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. फक्त फोडावर टिकली लावायची नाही, आणि चेहरा ओला असताना लावायचं नाही, जास्त झोंबतं. सकाळी जंतू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, ज्याने रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, म्हणून ते पांढरेच वापरा. लाल फोड जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, साधारण तीन महिन्यांपर्यंत, आणि एकटं कधीच नाही. जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड नसेल तर जंतू औषधाला निर्ढावतात. डॉक्सिसायक्लिन गाडी पकडायच्या घाईत कोरडीच गिळली किंवा झोपताना घेतली तर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. दोन दिवस घास गिळता येत नाही. भरपूर पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्याबरोबर घेऊ नका. उन्हात त्वचा लवकर भाजते हेही लक्षात असू द्या. मलमांचा निकाल कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याचा कोर्स फसलेला नसतो, झालेलाच नसतो.

आता आयसोट्रेटिनोइनचा हिशेब. रोजचा डोस वजनाप्रमाणे ठरतो: किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम. पूर्ण कोर्समध्ये किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जावेत असं जुनं गणित आहे. ६० किलोच्या माणसाला कमीत कमी ७२०० मिलिग्रॅम. रोज ४० मिलिग्रॅम घेतले तर १८० दिवस, रोज २० घेतले तर ३६० दिवस. आपल्याकडे मध्यम मुरुमांसाठी रोज १० किंवा २० मिलिग्रॅमचा हलका डोस बरेच डॉक्टर देतात. त्यात कोरडेपणा कमी होतो, माणूस कोर्स अर्धवट सोडत नाही, आणि मध्यम मुरुमांत निकालही चांगला येतो. मोठ्या गाठी असतील तर मात्र एकूण मात्रा पुरी होणं महत्त्वाचं ठरतं. अर्धवट सोडलेला कोर्स हे मुरुम परत येण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझं एकूण किती मिलिग्रॅमचं ठरलंय?’ तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मध्ये डॉक्टर बदलले तरी हिशेब राहतो.

कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, आणि जेवणात तेलतूप हवं. ती चरबीत विरघळते. भरपेट जेवणाबरोबर ती जितकी रक्तात उतरते त्याच्या निम्मीसुद्धा उपाशीपोटी उतरत नाही. ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसला जाणारी मंडळी सकाळी सातला चहा-बिस्किटावर गोळी घेतात आणि चार महिन्यांनी औषध लागू पडत नाही म्हणतात. रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या: तूप लावलेली पोळी, फोडणीची भाजी, डाळ. चतुर्थी किंवा श्रावणी सोमवारी उपास असेल तर दाण्याचं कूट घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीबरोबर चालेल, नुसत्या फळांबरोबर नको. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. कॅप्सूल मऊ, जिलेटिनची असते आणि आत बहुधा सोयाबीनचं तेल असतं. सोयाची ॲलर्जी असेल किंवा जिलेटिन चालत नसेल तर आधी बोला. ती फोडून किंवा चावून घेऊ नका, आणि स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवू नका, उजेडाने खराब होते.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात मुरुम वाढू शकतात. हा औषधाचाच भाग आहे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काही जणांना नवे फोड येतात आणि नेमकी तेव्हाच गोळी सोडली जाते. सुरुवात हलक्या डोसने केली तर हा भडका कमी होतो. पण फोड फुटून खपल्या धरणाऱ्या जखमा होत असतील, ताप येत असेल, सांधे दुखत असतील तर ते वेगळं आणि गंभीर आहे. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोरडेपणा जवळजवळ प्रत्येकाला येतो. ओठ तर फुटतातच. ओठ अजिबात कोरडे पडले नाहीत तर गोळी नीट घेतली जातेय का अशी शंका घ्यावी. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून आठदहा वेळा, जेवणाआधी आणि झोपताना नक्की. ओठांना जीभ लावू नका, कोपरे चिरतात. नाकाच्या आतला पडदा सुकून रक्त येतं, तिथेही झोपताना जेलीचं बोट फिरवा. दिवसभर एसी ऑफिसात स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर काही महिने चष्म्यावर या, आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले डोळ्यांचे थेंब ठेवा. बाहेर घाम आला तरी दिवसातून दोनदाच सौम्य फेसवॉश. सॅलिसिलिक ॲसिडचे फेसवॉश, स्क्रब, बेसन-लिंबू, मुलतानी माती, ॲडापलीन, सगळं बंद, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. आंघोळीनंतर तीन मिनिटांत मॉइश्चरायझर, सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बाइकने जाणाऱ्यांचं कपाळ हेल्मेटने झाकतं, पण हात आणि मान उन्हातच असतात.

काही जणांची रात्रीची नजर मंदावते. घोडबंदर रोडवर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनंतर अंधारात दिसायला नेहमीपेक्षा वेळ लागतोय असं जाणवलं तर रात्री गाडी चालवणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

लिव्हरचा प्रश्न. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी, डोस पूर्ण वाढल्यावर, पुन्हा. एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरचे आकडे थोडे वाढणं नेहमीचं आहे आणि बहुतेकदा आपोआप उतरतं. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झाले तर गोळी थांबवतात. खरं लक्ष ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या एका प्रकारावर, हवं. ते ५०० च्या वर गेलं तर डोस कमी करणं किंवा थांबवणं भाग पडतं, कारण त्याहून फार वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा बिअर झाली आणि सकाळी रक्त दिलं तर आकडा फुगून येतो. दहा-बारा तास उपाशी राहा, पाणी चालतं. कोर्सभर दारू टाळा, निदान लॅबच्या आधीचे काही दिवस तरी.

जिमवाल्यांसाठी खास. जड वजनं उचलल्यावर स्नायूंतूनही एसजीओटी वाढतं, आणि या औषधाने अंगदुखी, कंबरदुखीही येते. रिपोर्ट बिघडलेला दिसला तर सीपीके (स्नायूंना झालेली इजा दाखवणारी तपासणी) बघितल्याशिवाय सगळा दोष लिव्हरला देऊ नये. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम बंद ठेवा. आणि पाठीवर मुरुम अचानक उठले असतील तर व्हे प्रोटीन घेताय का, कुणी ‘मसल’साठी इंजेक्शन दिलंय का, हे डॉक्टरांना सांगाच. ॲनाबोलिक स्टेरॉइड चालू ठेवून मुरुमांचं औषध घेणं वाया जातं आणि लिव्हरवर दुहेरी भार पडतो.

आता जिथे तडजोडच नाही ती गोष्ट. गरोदरपणात ही गोळी पोटात गेली तर बाळाचा मेंदू, हृदय, कान, चेहरा यांत गंभीर व्यंग होण्याची शक्यता सुमारे २० ते ३५ टक्के आहे, शिवाय गर्भपाताचा धोका. थोड्या दिवसांचा, थोड्या डोसचा अपवाद नाही. म्हणून सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल, दर महिन्याला टेस्ट, आणि कोर्सच्या महिनाभर आधीपासून, कोर्सभर व त्यानंतर पूर्ण एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन. अमेरिकेत यासाठी २००६ पासून प्रत्येक रुग्णाची नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तसं काही नाही, त्यामुळे जबाबदारी डॉक्टर आणि रुग्णावरच पडते.

इथेच आपला संकोच आड येतो. वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आलेली असते, डॉक्टर ‘तसा काही प्रश्न नाही ना?’ एवढंच विचारतात आणि ती मान हलवते. आयांना माझी कळकळीची विनंती आहे: दोन मिनिटं बाहेर बसा. मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. हा तिच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, औषधाच्या सुरक्षिततेचा आहे. पाळी चुकली तर गोळी त्याच क्षणी बंद, टेस्ट, आणि लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ. दडपून ठेवलेला प्रत्येक आठवडा पर्याय कमी करतो. लग्न ठरलं असेल तर कोर्सची शेवटची तारीख आणि लग्नाची तारीख एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

याच औषधाने पुढे मूल होत नाही ही भीती मात्र सोडून द्या. औषध साधारण महिनाभरात शरीरातून निघून जातं आणि त्यानंतरच्या गरोदरपणावर त्याचा परिणाम राहत नाही. पुरुष घेत असतील तर त्यांच्याकडून होणाऱ्या बाळाला धोका नसतो. पण त्यांनी रक्तदान करायचं नाही, कोर्समध्ये आणि नंतर एक महिना, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात उत्साहाने आडवं होण्याआधी हे आठवा.

मनावरच्या परिणामाबद्दल: मोठ्या अभ्यासांत या गोळीने नैराश्य वाढतं असं सरसकट दिसलेलं नाही, मुरुम गेल्यावर बऱ्याच जणांचं मन उलट सुधारतं. तरी काही थोड्यांना खरंच त्रास होतो. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना ही गोळी सुरू करायला औषध लिहून देऊ शकणाऱ्या दोन तज्ज्ञांची संमती सक्तीची केली गेली. आधी नैराश्य झालेलं असेल, घरात कुणाला असेल, तर लपवू नका. घरच्या एका माणसाला सांगून ठेवा की झोप, चिडचिड, गप्प बसणं यात बदल दिसला तर बोल. बारावीच्या वर्षात असलेल्या मुलाचा प्रत्येक बदल ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका.

कशाबरोबर घ्यायची नाही? डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन यांच्याबरोबर कधीही नाही. दोन्हीने मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. न थांबणारी डोकेदुखी, उलटी, धूसर दिसणं ही त्याची लक्षणं. जुनी चिठ्ठी आणि नवी चिठ्ठी दोन्ही चालू राहून हे घडतं, विशेषतः तापासाठी फॅमिली डॉक्टरांनी डॉक्सी दिली तर. त्यांनाही सांगा की ही गोळी चालू आहे. अ जीवनसत्त्व असलेल्या मल्टिव्हिटॅमिन आणि कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्याही बंद.

पार्लरमध्ये वॅक्सिंग नको, कोर्समध्ये आणि नंतर सहा महिने. त्वचा पातळ झालेली असते आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर सोलून निघते, मागे काळा पट्टा राहतो. भुवयांचं थ्रेडिंगसुद्धा काहींना सोसत नाही. ब्लीच आणि स्क्रबवालं फेशियल तर नाहीच. लग्नाआधी हळद लागणार असेल तर खाली मॉइश्चरायझरचा जाड थर द्या आणि ती सुकून ताणायच्या आत धुवा.

बायकांमध्ये एक वेगळा रस्ता आहे. हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवर पाळीच्या आधी उठणारे मुरुम, अनियमित पाळी, हनुवटीवर केस, वाढतं वजन असेल तर पीसीओएसची (बीजकोशांशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी आधी. तिथे पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन ५० ते १०० मिलिग्रॅम किंवा हार्मोनच्या गोळ्या जास्त उपयोगी ठरू शकतात. हार्मोनचं मूळ तसंच ठेवून फक्त आयसोट्रेटिनोइन दिलं तर मुरुम परत येतात. स्पायरोनोलॅक्टोनही गरोदरपणात चालत नाही.

खर्च परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय इथल्या त्वचारोग विभागात जा. गर्दी असते, सकाळी लवकर पोचा. जुने रिपोर्ट आणि रिकाम्या स्ट्रिप सोबत ठेवा.

कोर्स संपल्यावर महिनाभराने, त्वचेचा कोरडेपणा ओसरला की, ॲडापलीन आठवड्यातून दोनतीन रात्री पुन्हा सुरू करतात. काही जणांना दुसरा कोर्स लागतो, विशेषतः कमी वयात सुरू केलेल्यांना, पीसीओएस असलेल्यांना आणि पाठ-छातीवर मुरुम असलेल्यांना. खड्ड्यांवरच्या उपचाराला घाई करू नका. मुरुम पूर्ण शांत झाले की कुठला खड्डा किती खोल राहिला ते कळतं, त्यावरून पद्धत ठरते. उरलेल्या कॅप्सूल कपाटात ठेवू नका. केमिस्टला परत द्या किंवा टाकून द्या. चुलत बहिणीला ‘मला फरक पडला, तू पण घेऊन बघ’ म्हणून देऊ नका.